दवाखान्यातली नोकरी: टिकलात कुणामुळे, सोडलीत कशामुळे?

आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरने परवा राजीनामा दिला. पगाराचं कारण असेल असं वाटलं होतं. म्हणाली, "सहा महिने झाले, अजून मी सगळ्यांसाठी 'ती नवीन'च आहे." डॉक्टर, सिस्टर, मामा, मावशी, आशाताई, सगळ्यांनी लिहा. पेशंटचं आणि दवाखान्याचं नाव मात्र नको.

सुरुवात मीच करते. नर्सिंग कौन्सिलचा निकष सांगतो, साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स. आमच्याकडे नाईटला दोघी आणि पेशंट पन्नासच्या वर. ओव्हरमध्ये (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा) 'चौदा नंबर, इन्सुलिन' एवढंच कळलं होतं. संध्याकाळच्या शुगरच्या आकड्यावर विसंबून मी सिरिंज भरून निघाले (चूकच), तर फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, त्या आजींनी ताट तसंच परत दिलंय." शुगर पाहिली, ७२; उपाशीपोटी इन्सुलिन दिलं असतं तर आणखी घसरली असती. इंजेक्शन थांबवलं, डॉक्टरांना कळवलं. सकाळी इन्चार्ज सिस्टरना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी त्या दिवसापासून मावशींना ओव्हरला उभं करायला सुरुवात केली. कोण जेवलं नाही, कोण रात्रभर उठून बसलं, हे आमच्या फाईलपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

आशा कार्यकर्ती: आम्हाला कर्मचारी म्हणतच नाहीत, 'स्वयंसेविका' म्हणतात. दवाखान्यात बाळंतपण झालं की ४२ दिवसांत सहा घरभेटी, त्याचे २५० रुपये. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गावात शाल-नारळ झालं, मोबदला मात्र तेव्हाही थकलेलाच. टिकले ती एएनएम (उपकेंद्रातल्या नर्स) ताईंमुळे. पाड्यावर जाताना स्कूटीवर मागे बसवतात. मीटिंगमध्ये आकडे कमी आले की "आमचं कमी पडलं" म्हणतात. 'आशाचं कमी पडलं' असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

निवासी डॉक्टर: १९९२ च्या केंद्राच्या निर्देशात सलग बारा तासांची मर्यादा आहे. इमर्जन्सीच्या दिवशी आमचे छत्तीस होतात. एकदा पहाटे चारला सीनियरने हातातला फोन काढून घेतला, "दोन तास झोप, कॉल मी घेतो." ते वर्ष त्यावर निघालं.

लॅब टेक्निशियन: मला हे कौतुक पटत नाही. चौघांचं काम दोघं करतो, त्यातला मी अकरा महिन्यांच्या करारावर. आपण एकमेकांना सांभाळून घेतो, म्हणूनच रिकाम्या जागा वर कुणाला दिसत नाहीत.

धागाकर्ती: दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या मावशीही कंत्राटीच आहेत. ३१ तारखेला त्यांचा करार संपतोय.