मदत हवी आहे: पाणी घालताच घरगुती परफ्यूम गढूळ झाले
घरी परफ्यूम करताना मी ९५ टक्के तीव्रतेचे इथेनॉल २१ मिली आणि सुगंधी तेले ५ मिली घेतली. त्यांपैकी निम्मे संत्र्याच्या सालीचे आणि उरलेले लव्हेंडर व वाळ्याचे होते. गडद काचेच्या बाटलीत चार आठवडे मुरवलेले हे मिश्रण अगदी नितळ होते आणि वासही मनासारखा उतरला होता. मात्र दर्प सौम्य व्हावा म्हणून ४ मिली डिस्टिल्ड वॉटर घालताच ते दुधट झाले आणि दुसऱ्या दिवशी कडेने तेलाचे बारीक थेंब तरंगू लागले.

दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून, कॉफीच्या फिल्टर कागदातून दोनदा गाळूनही गढूळपणा गेला नाही, उलट संत्र्याचा ताजेपणाच फिका पडला. संत्र्याच्या तेलातील लिमोनीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे कारण मला समजते. त्वचेवर लावायचे असल्याने इमल्सिफायर (तेल व पाणी एकत्र मिसळून ठेवणारा पदार्थ) घालण्याची माझी इच्छा नाही.

याच बाटलीत आणखी इथेनॉल घातल्यास मिश्रण पुन्हा नितळ होईल का, होत असल्यास ते अंदाजे किती घालावे, आणि पुढच्या वेळी पाणी पूर्णपणे वगळावे की संत्र्याचे तेल कमी करावे?