मदत हवी आहे: स्पेनच्या जुन्या तिकिटांवरचे शिक्के (तातडीने)

संग्राहक_नगर
नमस्कार मंडळी. स्पेनची जुनी तिकिटं हाती आली आहेत, शिक्क्यांवरून गावं शोधायची आहेत. एकावर चाकासारखा गोल आणि मधे २. दुसऱ्यावर ए-जी-ओ, या नावाचं गाव नकाशात कुठेच नाही. तिसऱ्यावर नुसत्या आडव्या रेघा. चौथ्याला भोक पडलंय, ते टाकूनच देतो. रविवारी एक गृहस्थ अदलाबदलीला येणार आहेत, त्याआधी कळायला हवं. कृपया नुसतं 'कॅटलॉग बघा' म्हणू नका.

शिक्केवाला
अहो, तिकिटं कोणती ते तर सांगा! किंमत किती, चित्र कुणाचं, कडेला फाडण्याचे दाते आहेत का? कागदावर चिकटलेली आहेत की सुटी?

मीनल_क
फोटो काढून मोबाईलवर शोधा. मी सगळी तिकिटं अशीच ओळखते, दोन मिनिटांचं काम.

शिक्केवाला
ताई, मोबाईल तिकीट ओळखेल, अर्धवट उमटलेला शिक्का नाही.

संग्राहक_नगर
फोटो चढत नाहीये. चाकवालं तपकिरी, ४ कुआर्तोस (जुनं स्पॅनिश नाणं), राणीचं चित्र. दाते नाहीत, कुणीतरी कात्रीने कापलेलं दिसतंय. रेघांचं हिरवं, १० पेसेता. भोकवालं १ पेसेता, गुलाबीसर. ए-जी-ओवालं पाकिटाच्या तुकड्यावर आहे, आज रात्री भिजवून सोडवतो.

शिक्केवाला
भिजवू नका! शिक्क्याचा निम्मा गोल तिकिटावर आणि निम्मा कागदावर असतो. कागद सुटला की गावाचं नाव गेलं, शाई फुटली तर ती वेगळीच.

आता चाक. राणी इसाबेल दुसरी. कात्री कुणी लावलेली नाही, स्पेनच्या तिकिटांना दाते आले १८६५ मध्ये. पहिलं तिकीट १ जानेवारी १८५०चं, ६ कुआर्तोस, काळं. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा शिक्का मारायचे, मग जाळीचा आला आणि १८५८ पासून हे चाक. मधला आकडा मोठ्या टपाल कचेरीचा: १ माद्रिद, २ बार्सिलोना. तुमचं बार्सिलोनाचं. चारही कडांना मार्जिन शिल्लक असेल तर जपून ठेवा.

कोकणकडा
आमच्या आजोबांकडे नोव्हा गोवाचे शिक्के असलेली पत्रं होती, त्यांवरही असेच गोल होते. ती पाहून काही कळेल का?

शिक्केवाला
ते पोर्तुगालचं टपाल, स्पेनचं नव्हे. पोर्तुगीज इंडियाची तिकिटं १८७१ पासूनची, तो विषय निराळा. वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

जुनाबाजार
रेघांचा म्हणजे जाळीचा शिक्का, १८५२च्या सुमाराचा. माझ्याकडे तसले चिकार आहेत. चांगली किंमत येईल, सोडू नका.

शिक्केवाला
कसं शक्य आहे? पेसेता हे चलनच १८६८ मधलं, तिकिटांवर ते १८७२ मध्ये आलं. मग १० पेसेताच्या तिकिटावर १८५२चा शिक्का कुठून येणार? दादा, त्यावर दाढीवाला राजा आहे का?

संग्राहक_नगर
हो, दाढी आहे.

शिक्केवाला
मग आमादेओ, १८७२ची मालिका. रेघा तिकिटाच्या आरपार, सरळ, जाड असतील तर तो टपालाचा शिक्का नव्हे. चलनातून काढलेली शिल्लक तिकिटं अशा रेघा मारून बाद करायचे. कॅटलॉगमध्ये त्यांची किंमत वेगळी आणि बरीच कमी असते. गाव शोधू नका, ते पत्रावर गेलेलंच नाही. समोरचा 'वापरलेलं' म्हणून भाव मागू लागला तर हेच सांगा.

जुनाबाजार
मी तीस वर्षं गोळा करतोय, मला शिकवू नका.

शिक्केवाला
मग वर्षाचा हिशोब जुळवून दाखवा. नवीन माणूस यावर विश्वास ठेवून पैसे मोजेल.

पोस्टकार्ड_पुणे
भांडू नका. संग्राहक, भोकवालं टाकू नका! भोक स्वच्छ गोल असेल, कडा फाटलेल्या नसतील, तर ते तारेसाठी वापरलेलं तिकीट. तारघरात तिकीट पंचाने भोक पाडून रद्द करायचे. टपाली प्रतीपेक्षा स्वस्त असतं, पण खराब नव्हे. मी अशांचं वेगळं पान केलंय.

आणि ए-जी-ओ गाव नाही, ऑगस्ट महिन्याचं स्पॅनिश लघुरूप आहे. ई-एन-ई जानेवारी, डी-आय-सी डिसेंबर. गावाचं नाव बहुधा गोलाच्या वरच्या कडेला असतं, तिथे बघा.

संग्राहक_नगर
हे कुणी आधी का नाही सांगितलं! दोन संध्याकाळी नकाशे चाळण्यात गेल्या. वर 'ए-एल-ई-एन-सी-आय-ए' वाचता येतंय, पहिलं अक्षर कागदाच्या घडीत अडकलंय.

जुनाबाजार
व्हॅलेन्सिया. मोठं शहर, झाकून ठेवलं तरी तेच.

पोस्टकार्ड_पुणे
पालेन्सियाही असू शकतं. स्पेलिंगमध्ये फरक फक्त पहिल्या अक्षराचा. अंदाजाने पानावर लिहू नका. खोलीत अंधार करा, टॉर्च अगदी आडवा धरा, घडीतली शाई उठून दिसेल. घडी उलगडायला जाऊ नका, जुना कागद तिथेच तुटतो.

संग्राहक_नगर
आत्ताच बघितलं. डावीकडे एक उभी रेघ आणि तिला वर अर्धगोल. तिरक्या रेघा अजिबात नाहीत.

पोस्टकार्ड_पुणे
मग 'पी'. पालेन्सिया!

शिक्केवाला
मस्त. आता ए-जी-ओच्या पुढचे वर्षाचे आकडे वाचा आणि त्या तुकड्यावरचं तिकीट कोणतं ते सांगा. ते अजून सांगितलेलंच नाही.