जंगल सफारीला निघताना घरी काय राहिलं? (अनुभव धागा)

वसंत विहार, ठाणे

डिसेंबरात ताडोबाला गेलो होतो. आम्ही सहाजण, एक जिप्सी (सफारीची उघडी गाडी). निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स काढायला मीच नौपाड्यात गेलो. आईचं कार्ड शेवटचं होतं. प्रत घेतली, पैसे दिले, आणि कार्ड मशीनच्या काचेवरच राहिलं. ते कळलं मोहर्लीच्या गेटवर, पहाटेच्या अंधारात, परमिटवरचं एकेक नाव ओळखपत्राशी ताडून बघताना. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ दाखवावं लागतं हे मला पाठ होतं. म्हणूनच सगळी कार्डं एका पाकिटात ठेवली होती. पाकिटातून पाचच निघाली.

आई म्हणाली, "तुम्ही जा रे, मी इथे चहा पिते." सत्तरी उलटलेली बाई, तिच्याच हौसेसाठी ही ट्रिप ठरली होती. त्या दिवशी वाघीण रस्त्यावर आली, दहा मिनिटं आमच्या पुढे चालत राहिली. गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही. ती रिकामी सीट मला आजही दिसते.

सामानातलं काही राहिलं तर एरवी ते आपल्यापुरतं असतं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळूनही जातं. जंगलात तसं नाही. एकाचं राहिलेलं गाडीतल्या सगळ्यांना पुरतं. म्हणून हा धागा. याद्या पुष्कळ मिळतात, मला त्या नकोत. तुमचं खरोखर काय राहिलं, का राहिलं आणि मग कसं निभावलं, ते सांगा.

कळवा

मी नर्स आहे, त्यामुळे औषधांची बॅग माझ्याकडेच असते. तरी मे महिन्यात सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या घरी राहिल्या. कारण अगदी साधं आहे. बाकीची औषधं मी दोन दिवस आधी भरली होती, पण बीपीची गोळी त्यांना रोज सकाळी लागते, म्हणून तो डबा फ्रीजवरच ठेवला. "उद्या सकाळची घेतली की टाकू." सकाळी गोळी घेतली आणि डबा परत फ्रीजवर गेला. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरी कायम अशाच वस्तू राहतात, ज्या निघेपर्यंत वापरात असतात. चष्मा, चार्जर, कवळीची डबी, रोजची गोळी. आता या वस्तूंचा एक कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवते आणि कुलूप लावायच्या आधी वाचते.

त्या वेळी प्रिस्क्रिप्शनचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, म्हणून चंद्रपूरला उतरल्यावर गोळ्या घेता आल्या. रिसॉर्टवर पोचल्यावर कळलं असतं तर चाळीसेक किलोमीटर परत यावं लागलं असतं.

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना हात जोडून सांगते, उन्हाळ्यात त्याची वेगळी सोय केल्याशिवाय निघू नका. चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि इन्सुलिन तीस अंशांच्या वर ठेवू नये. आम्ही इन्सुलिनचं पेन रुंद तोंडाच्या छोट्या थर्मासमध्ये ठेवतो, खाली थंडगार पाण्यात पिळलेला रुमाल. बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

खारघर

आमचं राहिलं ते हातमोजे. राहिलं कशाला म्हणू, सुचलंच नाही. नवी मुंबईत वाढलेल्या माणसाला थंडी म्हणजे पंख्याचा वेग एकने कमी करणं. ठाण्याहून विदर्भ एक्सप्रेसने गोंदियाला उतरलो तेव्हा स्वेटर पुरेसा वाटला. दुसऱ्या दिवशी पहाटे नागझिऱ्यात उघडी जिप्सी चालू लागली आणि पहिल्या पाच मिनिटांत बाबांची बोटं वळेनाशी झाली. समोरच्या दांड्याला धरावं तर लोखंड बर्फासारखं, सोडावं तर खड्ड्यात तोल जातो. ड्रायव्हरदादांनी सीटखालून एक घोंगडी काढून बाबांच्या मांडीवर टाकली. तिला धुराचा आणि शेळीचा वास होता. बाबांनी दोन्ही हात तिच्यात खुपसले ते ऊन वर येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. दुपारच्या फेरीला मात्र शर्टवर बसलो होतो.

तेव्हा कानटोपी, हातमोजे आणि अंगावर घ्यायला एक जाड शाल, एवढं प्रत्येकाचं वेगवेगळं घ्या. एका शालीत दोघं बसत नाहीत, वारा मधूनच शिरतो.

ऐरोली

ऑफिसातून थेट स्टेशनवर गेलो. कॅमेरा होता, लेन्स होती, दोन बॅटऱ्या होत्या. मेमरी कार्ड मात्र ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये, आधीचे फोटो काढून घ्यायला लावलेलं. जंगलाजवळच्या गावात साध्या फोनचं छोटं कार्ड मिळालं, पण ते बसवायचा अडॅप्टर नव्हता. पहिल्या फेरीत मी नुसता बघत बसलो. कोतवाल पक्षी गव्याच्या पाठीवरून झेप घेतो, किडा टिपतो आणि परत तिथेच येऊन बसतो, हे मी अर्धा तास पाहिलं. संध्याकाळी दुसऱ्या गाडीतल्या एका ताईंनी त्यांचं जादा कार्ड दिलं.

एक उपयोगाची गोष्ट. जिप्सीच्या दांड्यावर लेन्स टेकवायला बीनबॅग लागते आणि ती भरून नेली तर वजन होतं. आईने जुन्या जीन्सचा एक पाय कापून, एक तोंड शिवून, दुसऱ्याला नाडी ओवून दिली आहे. जाताना रिकामी न्यायची, तिथे तीन किलो तांदूळ घेऊन भरायचे. निघताना तांदूळ होमस्टेच्या मावशींना देतो.

वाशी

आमचं थोडं लांबचं आहे, केनियातलं मसाई मारा. यलो फीवरच्या लशीचं पिवळं कार्ड. लस घेतली होती निघायच्या महिनाभर आधी (किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आता ती आयुष्यभर चालते). कार्ड इतकं जपून ठेवलं की ते कपाटाच्या लॉकरमध्येच राहिलं. खाडीपूल ओलांडून मानखुर्दला आलो तेव्हा हिने विचारलं, "पिवळं कार्ड कुठल्या बॅगेत?" मुलगा घरी होता. तो मोटरसायकलवर घेऊन विमानतळावर आला. ते नसतं तर केनियाहून परत आल्यावर आपल्याच देशात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आणखी दोन गोष्टी. तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, आपला बसत नाही. आमच्या ग्रुपमध्ये आठ माणसांत एक अडॅप्टर होता, रात्री पाळ्या लावून चार्जिंग केलं. दुसरं, केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही नेता येत नाहीत. आपण चिवडा, लाडू, चपला, ओले कपडे, सगळं पिशव्यांत घालतो. कापडी पिशव्या नि स्टीलचे डबे न्या. छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर सामान पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक बॅग घेत नाहीत.

घोडबंदर रोड

घड्याळ! ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, मोबाईल गेटवरच जमा होतो. तेव्हा कळतं की वेळ, बॅटरी, कॅमेरा, सगळं त्याच्यावरच होतं. दोन्ही मुलं दर दहा मिनिटांनी विचारत होती, "किती वाजले?" आणि गाडीत एकाच्याही मनगटावर घड्याळ नव्हतं. सासऱ्यांची जुनी दुर्बीणही घरीच होती, कारण "फोनमध्ये झूम आहे."

नौपाडा

माझं वय पंच्याहत्तर. माझे आजोबा शिकारी होते. 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हा त्यांनी बंदूक ठेवली ती पुन्हा उचलली नाही. त्यांची एक वही माझ्याकडे आहे, तिच्यात मचाणावर न्यायच्या सामानाची यादी आहे. काडतुसं, बत्तीचे सेल, सुतळी, घोंगडी, आणि प्रत्येक यादीत शेवटी जाड अक्षरात 'खडीसाखर'. त्याचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. एका रात्री ती राहिली, पहाटे घसा खवखवला, खोकला दाबता आला नाही, आणि रात्रभर वाट पाहिलेला बिबळ्या झाडीच्या कडेवरून मागे वळला.

गेल्या वर्षी नातवाबरोबर पेंचला पाणवठ्यावर गाडी थांबवून बसलो होतो. सांबराचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याची इशाऱ्याची हाक, चालू होता. धूळ घशात गेली, नातवाला ढास लागणार असं दिसलं. मी खिशातून खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. पंधरा मिनिटांनी वाघ पाण्यावर आला, मागचे पाय आधी पाण्यात घालून बसला आणि बराच वेळ बसून राहिला. दादा, तुमच्या आईंना परत घेऊन जा. खडीसाखर माझ्याकडून.

वसंत विहार, ठाणे

काका, मार्चमध्ये नेलं तिला. ठाण्याला गाडीत चढल्यापासून कार्ड तिने स्वतःच्या बटव्यात ठेवलं होतं, माझ्याकडे दिलं नाही. गेटवर तपासणाऱ्याने मागायच्या आधीच पुढे केलं. वाघ नाही दिसला. अस्वल दिसलं, पाठीवर दोन पिल्लं घेऊन रस्ता ओलांडताना. आई ते अजून सगळ्यांना सांगते, आणि पिल्लांनी आईचे केस कसे मुठीत धरले होते ते हात करून दाखवते.