ग्लोव्ह बॉक्स उघडत नाहीये, घरी कोणी आहे का?

बी-४०२: नमस्कार मंडळी, जरा मदत हवी होती. गाडीचा ग्लोव्ह बॉक्स अडकलाय, म्हणजे पुढच्या सीटसमोरचा कप्पा. काल रात्रीपासून उघडतच नाहीये. आरसी, पीयूसी, इन्शुरन्स सगळं आत, आणि उद्या पहाटे पाचला कोल्हापूरला निघायचंय. कोणाला काही सुचत असेल तर सांगा प्लीज

सी-३०१: वरच्या फटीत मोठा स्क्रू ड्रायव्हर घाल आणि एक हिसका दे. माझ्या भावाने असाच उघडलेला

बी-१०४: आणि मग?

सी-३०१: मग काय, उघडला की. नंतर बंद होईना तो भाग वेगळा. चिकटपट्टी लावून सहा महिने फिरवली त्याने

ए-५०१ काकू: थोडं खोबरेल तेल सोडून बघ रे. आमच्या देवघराचा ड्रॉवर पावसाळ्यात फुगतो तेव्हा मी तेच करते

बी-४०२: काकू हा प्लास्टिकचा आहे, फुगत नाही. पण बघतो

ए-२०३ काका: तेल अजिबात नको. त्याला धूळ धरते आणि दोन महिन्यांनी आत नुसता चिकटा होतो. आणि स्क्रू ड्रायव्हर वरून घालायचा तर नावच काढू नका. त्याच्या वरच डॅशबोर्डमध्ये शेजारच्या सीटची एअरबॅग असते

सी-३०१: काका सगळ्या गाड्यांना नसते ओ

ए-२०३ काका: गाडी कितीची रे तुझी?

बी-४०२: २०२२ ची

ए-२०३ काका: मग असणारच. २०२१ संपता संपता सगळ्याच नव्या कारना पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या केल्या. उगाच वरून ठोकाठोकी नको

सेक्रेटरी: हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे, सर्वांना पुन्हा एकदा नम्र विनंती. उद्या सकाळी ९ वाजता गच्चीवरची टाकी साफ करायला माणसं येणार आहेत, पाणी ११ ते ४ बंद राहील, भरून ठेवणे. तसेच गच्चीच्या किल्लीचा अजून तपास नाही. ज्यांनी नेली असेल त्यांनी आजच वॉचमनकडे जमा करावी, नाहीतर कुलूप तोडावं लागेल आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येईल

सी-२०५: दादा कागदांचं टेन्शन घेऊ नकोस. डिजीलॉकर नाहीतर एमपरिवहन ॲपमधली आरसी आणि लायसन्स चालतं, २०१८ मध्येच केंद्राने सगळ्या राज्यांना कळवलंय तसं. फक्त ॲपमधूनच दाखवायचं, गॅलरीतला फोटो दाखवशील तर हवालदार ऐकणार नाही. पीयूसी आणि इन्शुरन्सची तारीख पण त्यातच दिसते. आणि घाटात रेंज जाते म्हणून आजच रात्री डाउनलोड करून ठेव

बी-४०२: अरे हो, हे डोक्यातच नव्हतं. थँक्यू. पण तरी आजच उघडायला हवा

बी-१०४: का? कागद तर झाले ना. परत आल्यावर गॅरेजला दाखव निवांत

बी-४०२: आहे एक कारण

ए-२०३ काका: कारण राहू दे, मला आधी हे सांग. हँडल ओढल्यावर हाताला कसं लागतं? लुळं पडल्यासारखं सैल येतं का घट्ट बसलंय? सैल असेल तर हँडल आणि आतला खटका यांच्यातला जोड सुटलाय किंवा तुटलाय, मग कितीही ओढ काही होणार नाही. घट्ट असेल तर एकतर किल्लीने लॉक झालाय नाहीतर खटक्यावर भार आलाय. दोन्हीचे इलाज वेगळे

बी-४०२: घट्ट आहे. थोडंसं हलतं आणि थांबतं. लॉकची किल्ली फिरवून बघितली, ती दोन्हीकडे नीट फिरते

ए-२०३ काका: बरं. म्हणजे जोड शाबूत आहे आणि लॉकही नाही. आता हँडलला हात लावू नकोस, ते प्लास्टिकचंच असतं, जोर केलास तर तुकडा हातात येईल आणि मग खरं काम वाढेल. टॉर्च मारून समोरून सरळ एक फोटो काढ

बी-४०२: टाकला काका

ए-२०३ काका: हे बघ. झाकणाच्या वरची फट बघ. डावीकडे, दाराच्या बाजूला, बोट जाईल एवढी आहे आणि उजवीकडे नख पण जायचं नाही. कप्पा डावीकडे खाली लोंबलाय. तिरका झाला की खटक्याची जीभ त्या कडीत आडवी अडकते आणि हँडल कितीही ओढलं तरी मागे सरकत नाही. लॉक खराब नाही, कप्पा वाकडा बसलाय. हल्ली गाडीचं काही काम केलंस का?

बी-४०२: नाही काका, काहीच नाही

बी-४०२ (सौ.): एसी फिल्टर?

बी-४०२: हा म्हणजे ते काम थोडीच आहे

बी-४०२ (सौ.): रविवारी व्हिडिओ बघून स्वतः बदललाय. एसी सुरू केला की ओल्या फडक्यासारखा वास यायचा म्हणून. दीड तास पार्किंगमध्ये उकिडवे बसले होते. जुना फिल्टर वर आणून दाखवला मला, त्यात गुलमोहराचा पाला आणि मेलेली एक गांधीलमाशी. मग म्हणाले झालं, पाचशे रुपये वाचवले

ए-२०३ काका: झालं, सापडलं. अरे तो फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागेच असतो. कप्प्याच्या दोन्ही भिंती आत दाबून तो खाली सोडायचा, मागे फिल्टरचं झाकण. परत बसवताना खालचे दोन आकडे दांडीवर बसले का ते बघायचं असतं. तुझा डावा आकडा बसलेलाच नाही

बी-४०२: पण काका रविवारपासून चार दिवस नीट उघडत होता

ए-२०३ काका: रिकामा होता का तेव्हा?

बी-४०२ (सौ.): हो. काल कोल्हापूरचं सामान भरलं त्यात

सी-३०१: हाहाहा वहिनी एक नंबर

ए-२०३ काका: मग वजनाने बसला खाली. आत काय काय आहे?

बी-४०२: गाडीचं मॅन्युअल, सर्व्हिसची सगळी बिलं, पाण्याची बाटली, पॉवर बँक, चिक्कीची दोन पाकिटं, टोलची चिल्लर

सी-२०५: फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे आणि तुझी गाडी २०२२ ची, मग टोलची चिल्लर कुठून आली?

बी-४०२ (सौ.): बाबांच्या जुन्या गाडीतून आली. डब्यासकट

बी-४०२: आणि सेक्रेटरी साहेब, एक सांगायचं होतं. मागच्या महिन्यात डिशचा अँटेना बघायला मी वर गेलो होतो, येताना घाईत ऑफिसला निघालो आणि किल्ली गाडीत टाकली. म्हणजे बहुतेक. म्हणजे तीच आहे आत

बी-१०४: अच्छा हे कारण होय

ए-५०१ काकू: अरे देवा. आणि मी बिचाऱ्या केबलवाल्याला बोलले

सेक्रेटरी: मी खाली येतोय. काका आपण पण या. वॉचमनला मोठी बॅटरी घेऊन पाठवतो

सी-३०१: साहेब आता हे सोसायटीचं काम झालं का?

सेक्रेटरी: हो

ए-२०३ काका: येतो. कोणाकडे प्लास्टिकची फूटपट्टी असेल तर आणा, लोखंडी नको. बहुतेक लागणार नाही पण असू दे जवळ

बी-१०४: मुलाची आणते. तिच्यावर कार्टून आहेत, चालेल ना

(पाऊण तासानंतर)

बी-१०४: उघडला!!

ए-५०१ काकू: कसा उघडला ते नीट सांगा, माझे गुडघे उतरू देत नाहीत

बी-४०२: सांगतो काकू. काकांनी सीट पूर्ण मागे सरकवायला लावली आणि मला पाय ठेवतो तिथे आडवं झोपवलं, वर तोंड करून, वॉचमनने बॅटरी धरली, खालून बघितलं तर खरंच डावा आकडा दांडीच्या पुढे येऊन लोंबत होता आणि उजवा बरोबर बसलेला. एक पिवळ्या वेष्टनाची वायर पण दिसली, काका म्हणाले ती एअरबॅगची, तिकडे हात न्यायचा नाही. मग मी खालून तळहाताने डावा कोपरा वर उचलून आत दाबून धरला, आणि काकांनी वरून झाकण आधी आत ढकललं आणि मग दोन बोटांनी हँडल ओढलं. खट्ट. एवढंच. मी काल रात्री दोन्ही हातांनी, एक पाय दाराला लावून ओढत होतो

बी-१०४: आणि चिल्लरचा डबा थेट त्यांच्या कपाळावर

बी-४०२: ते सांगायची गरज नव्हती वहिनी

ए-२०३ काका: आधी आत ढकलायचं आणि मग ओढायचं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. आत ढकललं की जिभेवरचा भार सुटतो. बाथरूमचं दार पावसाळ्यात अडकलं की आपण दार जवळ ओढून मग कडी काढतो, तेच इथे. फूटपट्टी लागली नाही. हँडलचा जोड तुटला असता तर मात्र फटीतून पट्टीने जीभ दाबून बघावी लागली असती, आणि तेही नाही जमलं तर खालून कप्पाच उतरवायचा

सी-३०१: काका माझ्या भावाच्या गाडीचा पण बसेल का मग नीट?

ए-२०३ काका: त्याची जीभच मोडली असणार त्या हिसक्यात. खटका नवा घ्यावा लागेल, आख्खा कप्पा घेऊ नका म्हणावं, काही गाड्यांचा खटका सुटा मिळतो, आधी चौकशी करा

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली मिळाली आहे. टाकी सफाई ठरल्याप्रमाणे सकाळी ९ ला. बी-४०२ यांना लेखी काही देणार नाही पण पुढच्या वेळी रजिस्टरमध्ये सही करून किल्ली न्यावी

बी-४०२: सॉरी साहेब, सगळ्यांना सॉरी. केबलवाल्याला पण

बी-४०२ (सौ.): चिक्कीचं एक पाकीट फुटलेलं होतं, आत मुंग्या. बिलांना पण लागल्यात

ए-२०३ काका: आता रिकामा असतानाच दोन्ही आकडे बसव, प्रत्येकाचा टक् असा आवाज आला पाहिजे. बाजूला तो छोटा दट्ट्या आहे ना, ज्याने झाकण सावकाश खाली येतं, तो काढला होतास का?

बी-४०२: कुठला दट्ट्या

ए-२०३ काका: म्हणजे काढलास आणि लावला नाहीस. सीटखाली बघ

बी-४०२: सापडला. मला वाटलं होतं फिल्टरच्या खोक्यातला एक्स्ट्रा पार्ट आहे

ए-२०३ काका: आणि फिल्टरवर बाण असतो हवेच्या दिशेचा, तो कसा लावलायस?

बी-४०२: बाण?

ए-२०३ काका: थांब तिथेच, परत येतो खाली. चहा सांग