मदत हवी आहे : निधी ‘वळवला’ लिहू की ‘वर्ग केला’?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. उन्हाळ्यात बोअरवेलची मोटर जळली, म्हणून रंगकामासाठी जमवलेले ४० हजार तिकडे लावले. मी लिहिलं, "निधी मोटरकडे वळवला." तर एक काका भडकले. "काहून बाप्पा, आम्ही काय पैसे खाल्ले?" म्हणे ‘वर्ग केला’ लिहा.

मला पटत नाही. वर्ग करणे म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकणे. इथे तर कामच बदललं. आणि वळवणे तसं गरीब क्रियापद आहे. बांध घालून पाणी वळवतात, वैनगंगेचं पाणी नळगंगेकडे वळवायचा प्रकल्प आहे, त्यात चोरीचा वास नाही. पैशाचं म्हटलं की मात्र येतो, त्यातून आपल्या नागपुरात! १९५३चा नागपूर करार (विदर्भाला निधीत योग्य वाटा द्यायचं आश्वासन), अनुशेष म्हणजे राहून गेलेला विकास, "विदर्भाचा निधी तिकडे वळवला" हे ऐकतच आपण मोठे झालो. चिडलेला माणूस तर सरळ ‘पळवला’च म्हणतो.

खजिनदारांनी ‘वळता केला’ सुचवलं. पण ते मी कापून घेण्यासाठीच ऐकलंय, पगारातून हप्ता वळता केला, असं. सरकारी ‘पुनर्विनियोजन’ (एका कामाचा मंजूर निधी दुसऱ्या कामाला देणे) १६ फ्लॅटच्या सोसायटीला फारच जड.

"सभेच्या मंजुरीने वळवला" चालेल का? की आरोप न वाटणारा दुसरा शब्द आहे? हिशेबाच्या कामातल्यांनी जरूर सांगा, रविवारी सह्या घ्यायच्या आहेत.