मदत हवी आहे : वर्गणी मागणारे वेगवेगळ्या तऱ्हेचे, कोणाला कोणतं काम द्यावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, लहानसं. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका काढायची आहे, पोलीस भरती न तलाठीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी. पोरी तर दिवेलागणीला स्वयंपाकात अडकतात, पुस्तक हातात येते तवा दहा वाजलेले असतात. टेबल-खुर्च्या, पुस्तकं, इन्व्हर्टर धरून अडीच लाखाचा हिशेब बसून राह्यला.

एका मोठ्या माणसाच्या दारात जाण्यापेक्षा गावातल्याच लोकांनी आपापल्या ओळखीत मागावं असं ठरवलं, मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे काही जण एखाद्या संस्थेसाठी मित्र-नातेवाइकांकडून पैसे गोळा करतात ना, तसं. मागच्या वर्षी करून पाह्यलं न फसलं, आणि चूक माझी होती. चाळीस जणांना एकच मेसेज, एकच क्यूआर कोड, एकच पाच हजाराचं टार्गेट देऊन मोकळा झालो.

पुण्यात कंपनीत असलेल्या पोरांनी मेसेज ग्रुपवर टाकला, लोकांनी अंगठे दाखवले, पैसे आले एकवीसशे. दहावीच्या एका पोराच्या बापानं सगळा आकडा स्वतःच भरला. बचत गटातल्या बायांना कोणापुढं हात पसरायची लाज वाटते, त्यातल्या एक काकू कापूस वेचणीचा चुकारा झाला त्याच बाजाराच्या दिवशी पाचशे रुपये पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातात द्यायला लागल्या, टार्गेट राह्यलं म्हणे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, पाचशे म्हणजे किती वाकावं लागते ते मला ठाऊक आहे. मी परत केले पण ते अजून मनातून जात नाही. न ज्यांच्याकडून काहीच आशा नव्हती ते गुरुदेव सेवामंडळाचे म्हातारे, साधा फोन वापरणारे, त्यांनी घरोघरी जाऊन तासतास बसून सगळ्यात जास्त आणलं, पैसे कमी न तूर-ज्वारी जास्त.

यंदा सोयाबीन निघाल्यावर, कापसाचा पैसा हातात आला की सुरू करायचं न २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, हिशेब गावापुढं वाचायचा असं डोक्यात आहे. म्हाताऱ्यांकडं धान्य गोळा करायचं काम पक्कं. पण बाकीच्यांना काय द्यावं? बचत गटाला टार्गेट द्यावंच का? न पुण्याचे पोरं पावती मागून राह्यले ८०जीची (देणगीवर आयकरात सूट मिळते ती), आमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेलं आहे पण ८०जी नाही, त्यासाठी थांबावं का?

प्रतिसाद (वर्धा)
भाऊ, ८०जीसाठी थांबू नका. नवीन कर पद्धतीत रिटर्न भरणाऱ्याला त्याची सूट मिळतच नाही, न जुन्या पद्धतीतही २,००० रुपयांच्या वर रोख देणगी दिली तर मिळत नाही. नोकरदार पोरांना खरं कारण दुसरंच असते, पैसा कुठं गेला ते दिसावं. त्यांना साधी छापील पावती द्या न खुर्ची आली की खुर्चीचा फोटो पाठवा. न मेसेज नका देऊ, दहा नावं लिहून घ्या, शाळेतले सोबती, ऑफिसातले गाववाले, न त्यांना फोन करायला लावा. आधी स्वतःचे पैसे टाकून मग फोन करावा, म्हणजे "मी एवढे दिले, तू किती देतो" असं तोंड उघडून बोलता येते.

बायांचं टार्गेट तर काढूनच टाका. आमच्याकडं मागणं जमलं नाही पण विकणं जमलं. कुरड्या, शेवया, घरची तूरडाळ, सामानाचा खर्च न बायांची मजुरी आधी बाजूला काढली न उरलं ते शाळेच्या खोलीला. मजुरी काढाच, फुकट राबवू नका.

धागाकर्ता
ताई, मजुरीचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, लय आभार. दहा नावांची वही आजच करतो, डाळीचं गटाच्या बैठकीत विचारतो. आता राह्यले शाळेतले पोरं. त्यांना पैशाजवळ जाऊच द्यायचं नाही असं ठरवलं आहे, जुनी पुस्तकं गोळा करायला लावतो. पण भरतीची पुस्तकं दोन-तीन वर्षांत जुनी होतात, तर कोणती घ्यावी न कोणती परत करावी हे कोणी अभ्यासिका चालवणाऱ्यानं सांगावं.