घरात दोन मंडळ्या (वेगवेगळी चर्च) झाल्यात, प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतात त्याला) एकत्र बसता येत नाही, काय करावं?

मिरजकर_थोरला: सलाम सगळ्यांना. आमचं घर आजोबांपासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. धाकटा भाऊ सांगलीतल्या एका फेलोशिपला (स्वतंत्र मंडळीला) जायला लागला, तिथे बुडवून परत बाप्तिस्मा घेतला आणि आता म्हणतो लहानपणीचा तुमचा बाप्तिस्मा धरायचाच नाही. ईस्टरला आई म्हणाली प्रभुभोजनाला चल, तर आला नाहीच, वर तिलाच विचारतो, तुझा देवाशी समेट झालाय का? पोथी वाचून वाचून जिचा चष्मा बदलला तिला हे! मला एवढंच सांगा, देवाशी समेट झालेली माणसं आपसात अशी का वागतात?

माहुलीवाला: बायबलमधलं २ करिंथ, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र, त्याचा ५ अध्याय काढा. समेट देवाने केला, ख्रिस्ताच्या द्वारे, आणि रोमकरांस ५:१० बघितलं तर आपण वैरी होतो तेव्हाच केला. आपल्याला त्याची सेवा दिलीय, कोणाचा झाला कोणाचा नाही याची हजेरी घ्यायला नाही सांगितलं. आणि 'देवाशी समेट करा' ही विनवणी पौल बाहेरच्यांना नाही करत, मंडळीतल्याच लोकांना लिहितोय, आणि मंडळी कुठली तर तीच जिथे आधी मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असं चाललेलं, आणि प्रभुभोजनाला एक जण उपाशी तर दुसरा पिऊन तर्र. म्हणजे भावाचा प्रश्न बरोबर आहे, पण तो आधी स्वतःला विचारायचा असतो.

नवीपालवी: मी फेलोशिपवाली आहे म्हणून आमची बाजू. विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा, हे आम्ही शास्त्रातूनच धरतो, हट्ट म्हणून नाही. एकीसाठी हे सोडा म्हणाल तर नाही जमणार. पण आईशी असं बोलणं चूकच, त्याला पाठिंबा नाही.

माहुलीवाला: ताई, सोडायला कोण सांगतंय? चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च मिळून झालं, त्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठेपणी बुडवून देणारे बॅप्टिस्टही. दोन्ही पद्धती ठेवल्या. आणि आमच्या साताऱ्यात तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ ला 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही येशूचे शिष्य म्हणून एकत्र. आज कोणी काढला तर पहिल्याच मीटिंगला भांडण होईल ते सोडा.

वांगी_भरीत: अर्धी भांडणं बाप्तिस्म्याची नसतातच, जागेची आणि कमिटीची असतात. बोलतो कोण.

जोसेफ_विश्रामबाग: मी कॅथलिक. आमच्याकडे मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) इतर चर्चवाल्यांना सहसा कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, देत नाहीत, हे वाईट वाटतं पण आहे तसं आहे. पण पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा आमचं चर्च मानतं, परत देत नाही. तेव्हा आईंना सांगा, निदान रोमची हरकत नाही 😄

मिरजकर_थोरला: आईला वाचून दाखवलं, हसली. मत्तय ५:२३ पण काढलं तिनेच, वेदीपाशी दान ठेव आणि आधी भावाकडे जा, म्हणाली मग तूच जा की, थोरला तू आहेस. रविवारी त्याला जेवायला बोलावतोय. पण त्याचे पास्टर म्हणतात वादाच्या घरी जाऊ नको, त्याचं काय?

नवीपालवी: पास्टरनाही बोलवा. विषय बाप्तिस्म्यावर गेला तर आईंना बोलू द्या, तुम्ही मधे पडू नका.

वांगी_भरीत: आणि मटण जरा जास्त आणा, फेलोशिपवाले उपास करून येतात.